मिनिमम तर भरत होतो

फ्रिजच्या वर, गॅसच्या पुस्तकाला टेकून, एक पिवळी फाईल उभी असते. आकुर्डीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरी मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हा ती खाली उतरली. पहिल्या दोन भेटींत चहा झाला, मुलीच्या दहावीचं बोलणं झालं, आजाराचं तर सगळं सांगून झालं. कुठल्या दिवशी झालं, किती वाजता, शेजारचं कोण धावत आलं. आपल्या घरांत आजाराबद्दल मोकळेपणानं बोलतात. कर्जाबद्दल बोलायला तिसरी भेट लागते.

फाईलमध्ये वरती हॉस्पिटलचे कागद, एमआरआयचा रिपोर्ट, फिजिओथेरपीच्या पावत्या. त्यांच्याखाली क्रेडिट कार्डाची बिलं, महिन्यावार लावलेली. घरातल्या ताईंनी त्यातलं एक काढलं आणि तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. ओळ इंग्रजीत आहे. दरमहा फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि थकबाकीवर चक्रवाढ व्याज लागत राहील, असा तिचा अर्थ. ही सूचना बिलावर छापण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेनंच घातलेलं आहे.

"मुलीनं वाचून अर्थ सांगितला तेव्हा अकरावं बिल आलं होतं," ताई म्हणाल्या. मग पलंगाकडं बघत, "आम्ही मिनिमम तर भरत होतो. एकदाही चुकवलं नाही."

पलंगावर त्यांचे यजमान बसले होते. वय ४४. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते, हातात ३४ हजार यायचे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजतं सगळं. ताई "एकदाही चुकवलं नाही" म्हणाल्या, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं आणि मान हलवली.

या अंकासाठी संपादकांनी 'घराचा हिशेब' हा विषय सुचवला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हीच फाईल आली. कार्डाचं कर्ज म्हटलं की लोकांना महागडे मोबाईल आणि सहली आठवतात. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मी ज्या घरांत बसले, तिथल्या बिलांवर किराणा होता, रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या, शाळेची फी होती, ॲम्ब्युलन्स होती. आणि फिरून फिरून एकच गोष्ट समोर येत गेली. जे सगळ्यांत इमानानं आणि सगळ्यांत गुपचूप मिनिमम भरत राहिले, तेच सगळ्यांत खोल गेले.

पगार थांबतो आज, मदत येते तीन महिन्यांनी

पक्षाघात झाला त्या रात्री हॉस्पिटलच्या काउंटरवर डिपॉझिट मागितलं गेलं. साडेअकरा वाजले होते. अशा वेळी घरात जे एकच साधन क्षणात चालतं ते कार्ड. कंपनीचा मेडिक्लेम ३ लाखांचा होता, बिल त्याच्यावर गेलं आणि वरचे ७० हजार कार्डावर पडले. मला वाटलं होतं, एवढ्यावरच गोष्ट असेल. पण बिलं एकेक करून वाचत गेलो तेव्हा दिसलं की हॉस्पिटलचे ७० हजार हा कर्जाचा लहान भाग होता. पुढच्या चार महिन्यांत आणखी १ लाख १० हजार चढले, आणि ते सगळे घराचे होते. गहू, तेल, वीजबिल, औषधं, एका वेळेला ४०० रुपये घेणारा फिजिओ, फीचा दुसरा हप्ता.

आजारपणाची रजा संपली, साठलेली रजा संपली, मग बिनपगारी. पगार बंद व्हायला एक तारीख पुरते. मदतीचे जे जे मार्ग आहेत त्यांना मात्र वेळ लागतो. हात सुधारतोय का हे कळेपर्यंत डॉक्टर अपंगत्वाचा दाखला देत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. गंभीर आजाराची वेगळी पॉलिसी कुणी घेतलेली असलीच, तर पक्षाघातानं आलेला दोष किमान तीन महिने टिकून आहे याचा पुरावा लागतो, मग रक्कम. शिफारशी, सह्या, मेडिकल बोर्ड, सगळं त्याच्या पुढं. ज्या तीन महिन्यांत घराला सगळ्यांत जास्त गरज, नेमके तेच तीन महिने कुणाचेच नसतात. तिथं कार्ड येऊन बसतं.

२१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा असतो. त्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळतं. अर्धांगवायू, कर्करोग अशा ठरावीक ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंतही मिळू शकतं. आमचे हे गृहस्थ ३४ हजारवाले, म्हणून या छत्राबाहेर. आपल्याकडं २१ हजारांच्या वरचा आणि सरकारी नोकरीच्या बाहेरचा जो मोठा वर्ग आहे, त्याला आजारात पगाराचा काही भाग देणारी कुठलीच व्यवस्था नाही. सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्याला कामावरून काढू देत नाही, जुळणारं पद नसेल तर जादा पद निर्माण करून पगार चालू ठेवायला लावतो. खासगी कारखान्यातल्या माणसाला हे संरक्षण नाही.

एक गोष्ट मात्र त्या पहिल्या रात्रीच करता आली असती, आणि ती कुणीच सांगितली नाही याचं ताईंना आजही वाईट वाटतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या शिधापत्रिकेसह सगळ्यांना वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. पेशंट हलवण्यासारखा नसेल तर अर्थातच आधी जीव. पण डिपॉझिटला कार्ड घासण्याआधी 'इथं योजना आहे का, आरोग्यमित्र कुठं बसतात' एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात.

नऊ हजार भरले, दोन हजार फिटले

आम्ही मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. थकबाकी १ लाख ८० हजार. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. या कार्डाचं मिनिमम थकबाकीच्या ५ टक्के, म्हणजे ९ हजार. ते भरले की उरतात १ लाख ७१ हजार. त्यावर महिन्याचं व्याज ५,९८५, जीएसटी १,०७७. पुढच्या बिलाचा आकडा १ लाख ७८ हजारांच्या थोडा वर. ९ हजार गेले आणि कर्ज हललं २ हजारांपेक्षाही कमी.

असं वर्षभर चालवलं तर? नवीन एक रुपयाही कार्डावर न टाकता, बारा महिने न चुकता मिनिमम भरलं तर सुमारे १ लाख २ हजार रुपये जातात आणि थकबाकी १ लाख ५८ हजारांच्या आसपास उभी असते. एक लाखाच्या वर भरून बावीस हजार फिटले. ताईंनी पेन खाली ठेवलं. पलंगावरून त्यांचे यजमान बघत होते. क्वालिटीच्या माणसाला आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

त्यांच्या घरी तर कार्ड बंद नव्हतं, किराणा चालूच होता. इथं आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पूर्ण बिल भरलं तरच ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी सवलत मिळते. थोडी जरी बाकी पुढं ढकलली की सवलत उडते, आणि नव्या खरेदीवर त्या दिवसापासूनच व्याज चालू होतं. म्हणजे महिन्याच्या पाच तारखेला घेतलेल्या तांदळावर पाच तारखेपासून व्याज. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर सवलत कधीच नसते, वर काढण्याचं शुल्क वेगळं. त्याहून वाईट प्रकार मी चिखलीच्या एका दुकानाबाहेर ऐकला. कार्ड घासायचं, दुकानदार कमिशन कापून रोख देतो, ती रोख दुसऱ्या कार्डाच्या मिनिममला भरायची. त्याला 'कार्ड फिरवणं' म्हणतात. आजारी माणसाच्या घरात हे फिरवणं सुरू झालं की दर फेरीला दोन-तीन टक्के दुकानात राहतात.

व्याजाला काही मर्यादा नाही का, असं मला प्रत्येक घरात विचारलं गेलं. होती. वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. दर ठरवणं हा बँकांचा आणि रिझर्व्ह बँकेचा प्रांत, असं त्याचं सार. कायदा म्हणून ते मान्य करावं लागतं. माणूस म्हणून मला, हातपाय गेलेल्याच्या किराण्यावर ४२ टक्के हे पटत नाही.

"कार्डधारकालाच फोन द्या"

चौथ्या भेटीत मी तिथं असताना ताईंनी बँकेच्या हेल्पलाईनला फोन लावला. स्पीकरवर. पलीकडचा आवाज नम्र होता. कार्डधारकाशीच बोलावं लागेल, म्हणाला. ताईंनी सांगितलं, त्यांना बोलता येत नाही, पॅरालिसिस झालाय. "ठीक आहे मॅडम, मग फक्त जन्मतारीख सांगायला सांगा."

ताईंनी फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. त्यांनी श्वास घेतला. या प्रकारच्या पक्षाघातात माणसाला तारीख ठाऊक असते, ओठांवर मात्र दुसराच आकडा येतो. 'नऊ' म्हणायचं होतं, 'पाच' आलं. त्यांना चूक कळली, म्हणून पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा 'पाच' आलं. डाव्या हाताची मूठ गादीवर आपटली. पलीकडून सांगण्यात आलं की माहिती जुळत नाही, सुरक्षिततेसाठी कॉल बंद करत आहोत. असं आधी तीनदा झालं होतं.

म्हणून मग ते मिनिमम भरत राहिले होते. बोलता येत नाही, तर निदान भरत राहू.

तोंडी बोलण्याचा रस्ता बंद असेल तर कागदाचा उघडा असतो, हे मला निगडीत भेटलेल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यानं समजावलं. शनिवारी संध्याकाळी ते वाचनालयाच्या बाकावर बसतात, लोकांची पत्रं लिहून देतात, पैसे घेत नाहीत. त्यांचं पत्र एका पानाचं असतं. आजार कधी झाला, उत्पन्न कधी थांबलं, घरात आता काय येतं, त्यातून दरमहा किती देता येईल, कार्ड ताबडतोब बंद करा, उरलेल्या रकमेचे कमी व्याजानं हप्ते पाडून द्या. सोबत डिस्चार्ज समरी आणि डॉक्टरांचा दाखला. पत्र शाखेत नेऊन द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची, आणि तेच नोंदवलेल्या ईमेलवरूनही पाठवायचं. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. आजारी खातेदारानं खात्यातून पैसे काढताना अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाचा अंगठा, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी, अशी रीत रिझर्व्ह बँकेनं फार पूर्वीच घालून दिलेली आहे. शाखेतल्या माणसाला तिची आठवण करून द्यावी लागते इतकंच.

"पोच हे सगळ्यात महत्त्वाचं," ते म्हणाले. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्या पोचेच्या जोरावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं विनामूल्य तक्रार करता येते. १४४४८ वर मराठीतही विचारता येतं.

हप्ते पाडून घेण्याचं हे बोलणं पहिल्या दोन महिन्यांत केलं तर बँक ऐकण्याच्या मनःस्थितीत असते. ९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं, म्हणजे बुडीत धरायच्या वाटेवर, आणि मग ते वसुलीच्या टेबलावर जातं. तिथं बोलणारी माणसं वेगळी.

रांगेत आधी कोण

त्याच बाकावर त्यांनी एका कोऱ्या कागदावर रांग लावून दाखवली. सगळ्यांत वर अन्न, औषध, वीज, घरभाडं. मग मुलांची फी. मग घराचं कर्ज, कारण ते थकलं तर छप्पर जातं. गाडीचं कर्ज, गाडीवर पोट असेल तर. सगळ्यांत खाली कार्ड.

मी दचकले. मी वाढले त्या घरात दुसऱ्याचे पैसे आधी द्यायचे, उरलं तर आपण खायचं, अशी शिकवण होती. त्यांनाही तीच होती. चाळीस वर्षं बँकेत काढलेला माणूस 'कार्ड शेवटी' म्हणतो, तेव्हा त्यामागं विचार असतो. कार्डाचं कर्ज विनातारण असतं. त्यापोटी कुणी घराला कुलूप लावू शकत नाही. बँकेला दिवाणी दावा करावा लागतो, हुकूमनामा मिळवावा लागतो. तो मिळाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणं पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. पीएफला हात लावता येत नाही. पेन्शनला संरक्षण आहे.

आणि आपण काय करतो? ज्या पीएफला कायदा सावकारापासून वाचवतो, तो आपणच काढून कार्डाला भरतो. आकुर्डीच्या घरानं हेच केलं होतं. पीएफमधून काढलेले ८० हजार मिनिमममध्ये विरघळले. थेरगावच्या एका घरात पाटल्या गहाण पडल्या. गोल्ड लोनचं व्याज कार्डापेक्षा पुष्कळ कमी, त्यामुळं कागदावर हा व्यवहार शहाणपणाचा दिसतो. सोडवायला मिळकत असेल तर तो आहेही. मिळकतच थांबलेली असेल तर विनातारण कर्ज तारणाचं होतं, आणि वर्षानं सोनंही जातं. घरावर टॉप-अप घेऊन कार्ड फेडणाऱ्यांबाबत मला याहून जास्त भीती वाटते.

रांगेत कार्ड शेवटी टाकण्याची किंमत आहे, तीही त्यांनी लपवली नाही. तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला की दंड. सिबिलचा स्कोअर खाली येतो. फोन सुरू होतात. पगाराचं खातं आणि कार्ड एकाच बँकेत असेल तर करारातल्या अटीवर बँक खात्यातून थकबाकी वळती करून घेऊ शकते. म्हणून औषधाला लागणारे पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात यावेत. आणि कार्ड नवऱ्याच्या नावावर असेल, बायकोनं कुठं सही केलेली नसेल, तर ते फेडण्याची वैयक्तिक जबाबदारी बायकोवर येत नाही. हे ताईंना कळलं तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, नक्की ना?

राजीनाम्यातलं एक वाक्य

पक्षाघातानंतर सहा महिन्यांनी कंपनीतून निरोप आला, राजीनामा देऊन हिशेब घेऊन जा. टाईप केलेला कागद तयार होता: 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे'. मेहुण्यांनी अंगठा घ्यायला कागद घरी आणलासुद्धा.

त्या दोन शब्दांत किती पैसा अडकलेला असतो, हे मला या लेखासाठी फिरताना कळलं. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांच्या नोकरीची अट असते, पण अपंगत्वामुळं नोकरी संपली तर ती अट लागत नाही. पीएफच्या जोडीची जी पेन्शन योजना आहे, १९९५ ची, तिच्यात नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शनची तरतूद आहे. त्यासाठी दहा वर्षांची नोकरी लागत नाही, एक महिन्याची वर्गणीही पुरते. अपघात कामावरच व्हायला हवा असंही नाही. मेडिकल बोर्डाकडून तपासणी होते. पण कागदावर 'वैयक्तिक कारण' लिहून दिलं की या सगळ्या दारांशी आपणच उलटं बोलून आलेलो असतो.

ताईंनी कागद परत पाठवला. 'पक्षाघातानं आलेल्या अपंगत्वामुळं काम करणं अशक्य' असं वाक्य लिहून घेतलं. त्या सातवी शिकलेल्या आहेत. पेन्शनचा अर्ज आता बोर्डापुढं आहे.

आठ ते सात

अकराव्या बिलानंतर त्यांनी भरणं थांबवलं, आणि फोन सुरू झाले. सकाळी सव्वासातला, रात्री नऊला. शेजारच्या काकूंना, मुलीच्या मैत्रिणीच्या आईलासुद्धा. एकानं सांगितलं, पोलीस पाठवतो. एकानं, "आजारी आहे तर कार्ड कशाला वापरलं?"

रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक या बाबतीत स्पष्ट आहे. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसणं नाही. एजंटनं केलेल्या वागण्याला बँक जबाबदार. आणि कार्ड थकणं हा मुळात दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. तडजोडीचा म्हणून दिलेला चेक वटला नाही तर मात्र फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणून पैसे खात्यात नसताना एजंटच्या हाती पुढच्या तारखेचे चेक देऊ नयेत.

ताईंनी कॅलेंडरच्या पाठीमागं फोनांची नोंद ठेवायला सुरुवात केली. तारीख, वेळ, नंबर, काय बोलला. मी ते बघितलं. बॉलपेननं, तिरक्या अक्षरात, सव्वीस नोंदी. ती यादी लावून तक्रार गेली आणि आठवड्याभरात रात्रीचे फोन बंद झाले. दिवसाचे चालू राहिले, त्यांना त्या एकच वाक्य सांगायच्या, पत्र दिलंय, पोच आहे, लेखी बोला.

इथं मला माझं म्हणणं मांडायचं आहे. २०२० च्या मार्चमध्ये सगळा देश घरात बसला, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली. १ मार्च ते ३१ ऑगस्ट, सहा महिने. क्रेडिट कार्डाची बाकीही त्यात धरली. व्याज चालू राहिलं, पण व्याजावरचं व्याज पुढं परत केलं गेलं. म्हणजे माणसाची मिळकत त्याच्या दोषाशिवाय थांबू शकते, आणि तेव्हा घड्याळ थोडा वेळ थांबवता येतं, हे व्यवस्थेनं एकदा मान्य केलेलं आहे. आकुर्डीच्या त्या घरात श्रावणातल्या एका रात्री त्यांचा स्वतःचा मार्च २०२० आला. त्यांच्यासाठी कुणी घड्याळ थांबवलं नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर तीन महिने किमान रक्कम आणि व्याज गोठवायचा नियम करणं अशक्य का असावं? हा दिलासा हक्क म्हणून मिळाला पाहिजे. आज तो शाखेतल्या एखाद्या भल्या माणसाच्या मर्जीवर आहे.

दिवाळखोरीचा २०१६ चा जो कायदा झाला, त्यात अगदी गरीब कर्जदारासाठी 'नवी सुरुवात' नावाचं प्रकरण लिहिलेलंही आहे. ३५ हजारांपर्यंतचं कर्ज असलेल्यांना त्यातून सुटका मिळाली असती. ते अजून लागूच झालेलं नाही.

शिवाजीनगरचा शनिवार

डिसेंबरात घरी नोटीस आली. वर न्यायालयाचं नाव बघून मुलगी रडायला लागली. नोटीस लोकअदालतीची होती. दावा दाखल व्हायच्या आधीच तडजोडीला बोलावलेलं. घाबरवणारा दिसतो तो कागद, पण माझ्या मते या सगळ्या वाटेवर या घराला मिळालेली ती पहिली खरी संधी होती.

शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात त्या शनिवारी जत्रेसारखी गर्दी होती. बँकांच्या नावांचे फलक लावलेली टेबलं, प्रत्येकापुढं फायली घेतलेली माणसं. कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणी आईला व्हीलचेअरवर आणलेली. आपण एकटेच या फेऱ्यात सापडलोय असं इतके दिवस वाटत होतं, ताई म्हणाल्या. ते त्या आवारात गेलं.

महिला आणि दिव्यांग यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. तिथून मिळालेल्या तरुण वकील मुलीनं रांगेत उभ्या उभ्या एक गोष्ट बजावून ठेवली. इथं झालेली तडजोड म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा, त्यावर अपील नाही. जेवढं खरंच देता येईल तेवढंच कबूल करा. बँकेच्या प्रतिनिधीनं १ लाख ४५ हजारांवर सुरुवात केली. ताईंनी पिवळी फाईल टेबलावर ठेवली. अकरा बिलं, अकरा पावत्या, पत्राची पोच, अपंगत्वाचा दाखला. पॅनेलवरच्या बाईंनी पावत्या मोजल्या. पाऊण तासानं आकडा ७२ हजारांवर आला, सहा हप्त्यांत. भाऊ चार हप्ते देतो म्हणाला होता, उरलेले दोन ताई पोळ्या करून मिळवतात त्या पैशातून.

सिबिलवर हे खातं 'सेटल्ड' म्हणून दिसेल, 'क्लोज्ड' म्हणून नाही, आणि काही वर्षं नवीन कर्ज मिळायला त्रास होईल. बँकेच्या माणसानं हे जरा आवाज चढवूनच सांगितलं. ताई म्हणाल्या, "नवीन कर्ज कोण मागतंय."

दोनशे पानी वही

शेवटचा हप्ता जूनमध्ये गेला. नो-ड्यूज पत्र यायला तीन आठवडे आणि दोन हेलपाटे लागले. ते फाईलमध्ये सगळ्यांत वर आहे, प्लास्टिकच्या कव्हरात.

मी निघताना ताईंनी पलंगाखालून एक दोनशे पानी वही काढली, मुलीची, पुढची निम्मी पानं भूगोलाची. मागून उघडली तर पानंच्या पानं एकच नाव लिहिलेलं. सुरुवातीला रेघोट्या, अक्षर ओळखू येत नाही. मग 'र'चं पोट दिसायला लागतं. मग ओळीवर बसतं. तडजोडीच्या कागदावर अंगठा चालेल, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. लोकअदालतीच्या आधीचे वीस दिवस ते रोज दुपारी डाव्या हातानं सही गिरवत बसायचे.

"केली का मग?" मी त्यांनाच विचारलं.

त्यांनी माझ्याकडचं पेन मागून घेतलं, वही मांडीवर ओढली आणि माझ्यासमोर पुन्हा एकदा केली. पूर्ण, आडनावासकट. खाली रेघ ओढायची राहिली होती, तीही ओढली.